तिघांची दोन तिकिटं

"आवं, पण नंबर एकच हाय न्हवं? म्हंजे पयलीच की मी," चंद्राबाई सांगली स्टेशनच्या खिडकीला नाक लावून म्हणाली.

कारकुनानं तिच्या मुलाचा, धनाजीचा, मोबाईल परत सरकवला. "मावशी, वेटिंगमध्ये पहिल्या. चार्ट लागला. आता तुमचं तिकीट रद्द झालं. पैसे खात्यात येतील."

"पैसं कुणी मागितलं?"

धनाजी जोधपूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता, आईला न्यायला गावी आला होता. त्याची बहीण रेश्माही नवऱ्याबरोबर तिथंच. तिला नववा लागलेला आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करता येईना, म्हणून माहेरच तिकडं निघालं होतं. पुढच्या गाड्यांना वेटिंग साठाच्या वर होतं.

"घरचे तिघं, मग तिकिटं दोन का काढली?" कारकुनानं विचारलं.

धनाजीनं आईकडं बघितलं. शुभ कामाला तिघांनी मिळून निघायचं नसतं, असं तीच म्हणाली होती. धनाजी आणि त्याची बायको सोनिया एका तिकिटावर, ती वेगळी. वेटिंगमध्ये धनाजी सहावा, सोनिया सातवी, चंद्राबाई आठवी. जागा सातच सुटल्या.

"एकाच तिकिटावर असता, तर चाललं असतं," कारकून म्हणाला. "त्यातलं एक जरी कन्फर्म झालं, तरी बाकीच्यांना चढता येतं. जागा मिळत नाही, पण नाव राहतं. सगळं तिकीटच वेटिंगवर राहिलं की ऑनलाइनवालं आपोआप रद्द होतं."

"ह्यांच्या पायाशी बसून गेले आसते म्हना की." तिनं शेजारी उभ्या सोनियाकडं बघितलं. "बरं, सोनियाच्या जागी जाते मी."

"नाव बदलायचा अर्ज आदल्या दिवशी द्यावा लागतो."

"समदं आदल्या दिवशी. आन कळतंय मातुर आज."

"तुलाच तिघं नको हुतं," धनाजी बॅग उचलत म्हणाला. "आता दोघंच निगालोय. झालं मनासारकं?"

"आवं, गप बसा की जरा," सोनिया म्हणाली.

चंद्राबाईनं जनरलचं तिकीट काढायला लावलं. "गुडघा घिऊन दीड दिवस हुबी ऱ्हाशील व्हय?" धनाजीनं विचारलं.

"ऱ्हाईन."

गाडी आली. जनरलच्या दारात माणसं पायरीपर्यंत उभी होती. तिनं दांडी धरून पाय टाकला, पण सुजलेल्या गुडघ्यानं अंग वर उचललं नाही. आतून एकानं हात दिला. पण त्याच्याच पायाखाली टाच टेकायला जागा नव्हती. ती खाली उतरली.

सोनियाच्या डब्याशी ती लंगडत पोचली. डिंकाच्या लाडवांचा डबा धनाजीकडं दिला. मग खिडकीच्या गजांतून हात घालून सोनियाचा हात पालथा केला आणि त्यावर अंगठा टेकवला.

"बाळाची पाठ अशी चोळायची. खालनं वर. दाब एवढाच, जास्त न्हाई."

"परत दाखवा, आत्ती."

तिनं परत दाखवलं. गाडी हलली. चंद्राबाईनं हात बाहेर काढून घेतला आणि सोनियाला दिसेल असा, स्वतःच्याच हातावर अंगठा खालून वर फिरवत राहिली.