खांबामागची चिलिया

"दोन्ही बाजूंना सात-सात देवदूत आहेत, मावशी. आठवा घातला तर अख्खं चित्र लंगडं होईल!" अरेझ्झोहून आलेला उस्ताद पुच्चो देवळाची भिंत रंगवता रंगवता परांचीवरून ओरडला.

खाली उभी दियानोरा लोकर कातून पोट भरणारी विधवा. "माझी चिलिया काय जागा अडवणार आहे रे? सहा वर्षांची तर होती साथीत गेली तेव्हा. पण उजवीकडेच घे हो. डावीकडे नरकाची वाट."

उस्ताद विरघळला. माता मरियेच्या सिंहासनाच्या उजव्या खांबामागे त्यानं टीचभर जागा काढली. पोरीच्या हातात लिलीचं फूल द्यायचंही ठरलं. मला म्हणाला, "वान्नी, उद्या तिथला गिलावा खरवडून ताजा चढव."

मी गवंडी. ओल्या गिलाव्यावरचा रंग भिंतीचाच होऊन जातो, सुक्यावरचा नुसता चिकटतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण दुसऱ्या दिवशी मेव्हण्याकडे द्राक्षं तुडवायची होती.

"मातेचा निळा झगा आपण सुक्यावरच चढवतो ना, उस्ताद? मग एवढ्याशा पोरीला काय धाड भरलीय? अंड्यात रंग कालवा नि लावा."

"टिकेल?"

"आपण मरू, ती टिकेल."

धडधडीत खोटं बोललो आणि द्राक्षं तुडवायला गेलो.

दियानोरा दर शनिवारी देवळात येऊन चिलियाशी बोलायची. वाटेत भेटली की चेस्टनटची पोळी माझ्या हातावर ठेवायची. "तुझ्या भिंतीवर सुखात आहे हो माझी पोर." नऊ वर्षं मी ती पोळी खाल्ली.

यंदा ईस्टरनंतर तिनं मला हाताला धरून देवळात नेलं. चौदा देवदूत ठणठणीत होते. खांबामागे ना फूल, ना केस. एक डोळा तेवढा उरला होता.

तिनं रुमालाची गाठ सोडली. आत नखाएवढे गुलाबी, पिवळे पापुद्रे होते.

"हिवाळ्यापासून गळतेय. फरशी मीच झाडते आता, कुणाच्या पायाखाली येऊ दिली नाही. सगळीच्या सगळी आहे बघ. तू गवंडी ना? बसव की परत."

तिनं ते पापुद्रे माझ्या ओंजळीत ओतले. मला राहवेना.

"मावशी, त्या दिवशी मी—"

"बोलू नकोस, उडतील," ती म्हणाली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.