बुडबुडा मधोमध

माझी नोकरी रात्रीची. दवाखान्यात वॉर्डची नर्स. लोकांना झोप लागावी म्हणून मी जागते, आणि लोक उठले की मी घरी झोपायला येते. पण लोक एकदा उठले की दुसऱ्याला झोपू देत नाहीत. समोर शाळा, शेजारी वेल्डिंगवाला, आणि आमच्याच घराखाली ह्यांचं फोटो फ्रेम करायचं दुकान. फ्रेमचं दुकान म्हणजे दिवसभर ठोकाठोक.

"हळू ठोकतो गं," हे म्हणतात.

हळू ठोकलेला खिळा जास्त वेळ ठोकावा लागतो, हे मला लग्नानंतर कळलं.

तर यंदा मला मोठी रजा मंजूर झाली. मेट्रनबाईंनी सही करताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची किडनी मागतेय. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं.

"मग जायचं कुठे?" ह्यांनी विचारलं.

"झोपायला."

"अगं हो, पण कुठे?"

"जिथे कोणी काही ठोकत नाही तिथे."

ह्यांनी ते मनावर घेतलं. नवऱ्याने एखादी गोष्ट मनावर घेतली की बायकोने सावध व्हायला हवं, पण मी तेव्हा झोपेत होते. उठून खिडकीतून पाहते तर दारात एक जुनी मोटरहोम उभी. बसपेक्षा लहान, टेम्पोपेक्षा मोठी, रंग मुळात कुठला होता ते सांगता येणार नाही असा. चाकांवरचं घर. कुठल्याशा दाताच्या डॉक्टरांनी ती हौसेनं घेतली होती आणि मग हौस फिटल्यावर शेतात नेऊन सोडून दिली होती. आत पलंग, टेबल, शेगडी, बेसिन, कपाट आणि एक कोंबडी. कोंबडी व्यवहारात धरलेली नव्हती, पण ती उतरायला तयार नव्हती.

"तुझ्या रजेच्या पहिल्या दिवशी निघायचं," हे म्हणाले. "गाव संपलं की थांबायचं, पडदा ओढायचा, झोपायचं. तोवर मी हिला नवी करतो."

"तुम्हाला येतं?"

"लाकूड कापता येतं, काच कापता येते, खिळा ठोकता येतो. गाडीत आणखी काय असतं?"

"इंजिन."

"त्याला उस्ताद आहे."

मी एवढंच म्हटलं, "हे बघा, ह्या गाडीत मला एक अख्खी झोप मिळाली तर गाडी आपली. नाही मिळाली तर ती भंगारात जाईल, आणि उरलेली रजा मी बहिणीकडे काढीन. एकटी."

माझी बहीण आणि हे यांचं किती पटतं ते सांगत बसत नाही. ह्यांचा चेहरा पडला, एवढं पुरे.

उस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिक. त्याचा चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही. तो कायम गाडीखाली. पाय दिसतात, आवाज येतो. एकदा मी त्या पायांना विचारलं, "उस्ताद, चालेल का हो ही?"

"चालेल ताई. थांबेल का ते बघतोय."

वन्सं म्हणजे माझी नणंद, पलीकडच्याच गल्लीत राहतात. त्या येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेल्या.

"वहिनी, घरात काय कमी होतं म्हणून हे ध्यान आणलं?"

"झोप."

"मग गोळी घ्यायची. गोळीला चाकं लागत नाहीत."

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं. आमची गल्ली चढावर आहे. पोरांचा चेंडू सुटला की थेट खालच्या चौकात जाऊन थांबतो. गाडी तोंड उताराकडे करून उभी होती आणि ती चेंडूच्या मागे जाऊ नये म्हणून पुढच्या चाकांना विटा लावल्या होत्या. हे सगळं आम्हा दोघांना रोज दिसत होतं. दिसणं आणि कळणं यांत फार अंतर असतं.

पहिल्याच दिवशी हे पाणसळ घेऊन आत गेले. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती पट्टी. मधल्या काचेत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की वस्तू सरळ. ह्यांचा त्या बुडबुड्यावर जितका विश्वास आहे तितका माझ्यावर नाही. कुणाच्याही घरी गेले की हे आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतात, मग बसतात. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा ह्यांनी माझ्या आजोबांचा फोटो सरळ केला. वडील म्हणाले, मुलगा जबाबदार वाटतो. तिथेच माझं वाटोळं झालं.

हे गाडीतून बाहेर आले ते पांढरेफटक.

"सगळं वाकडं आहे गं."

"जुनी आहे."

"जुनं असणं वेगळं, वाकडं असणं वेगळं. टेबल वाकडं, बेसिन वाकडं, पलंग वाकडा. ज्यानं बनवली त्याच्या हातात पाणसळ नव्हती आणि डोक्यात मेंदू नव्हता. ये, स्वतः बघ."

मी पाहिलं. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती पुढे गडगडत ड्रायव्हरच्या सीटखाली जात होती. मी मान डोलावली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची मान आपोआपच डोलते. तिला संमती समजू नये.

मग ह्यांनी सगळं उचकटलं. टेबलाचे पुढचे पाय उंच केले. पलंगाखाली पाचरी ठोकल्या. बेसिन सोडवून पुन्हा बसवलं. कपाट भिंतीपासून सुटं करून नव्या मापानं उभं केलं. एवढं करूनही जमीन वाकडीच, म्हणून तीही उखडून तिच्याखाली लाकडाच्या पट्ट्या घातल्या. दिवसभर ठोकाठोक, आणि तीही आता दुकानात नव्हे तर माझ्या खिडकीखाली. माझ्या झोपेसाठी माझ्या उशाशी चाललेलं हे काम ऐकत मी छताकडे बघत पडून राहायचे.

बाकीचे पराक्रम वेगळेच. पाण्याच्या पंपाची वायर ह्यांनी स्वतः जोडली. तेव्हापासून नळ सोडला की हॉर्न वाजतो. हात धुतले की गल्लीतली माणसं बाजूला होतात. उस्तादाचे पाय म्हणाले, "साहेब, वायर बदलू का?" हे म्हणाले, "वायर बरोबर आहे. हॉर्न चुकीचा आहे." छताला डांबर लावताना ह्यांचा एक बूट छताला चिकटला तो कायमचाच. मागचा दरवाजा, म्हणजे पलंगाच्या टोकाशी उघडतो तो, त्याची कडी तुटलेली होती. ती मात्र ह्यांनी तशीच ठेवली.

"आपोआप लागतो की तो," हे म्हणाले. "हात सोडला की बंद. असा शहाणा दरवाजा घरातसुद्धा नाही."

शेवटी भिंतीवर एक खिळा मारून फ्रेम टांगली. एका जोडप्याचा लग्नातला फोटो. ओळखीचं कोणी नव्हे. गिऱ्हाईक फोटो टाकून गेलं ते परत आलंच नाही.

"आपला का नाही लावला?" मी विचारलं.

"आपला अजून फ्रेम करायचा राहिलाय ना."

आमच्या लग्नाचा फोटो अजून पाकिटात आहे. मुलगी नोकरीला लागली तरी पाकिटातच.

रजेच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला आत बोलावलं आणि टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी स्थिर. बेसिनवर पाणसळ, बुडबुडा मधोमध. पलंगावर पाणसळ, बुडबुडा मधोमध. फ्रेमची कड आणि कपाटाची कड एका रेषेत. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते जागरणाचं.

"झोप आता," हे म्हणाले. "कुठेही नेऊन ठेव हिला, एक सूत हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटी संपवून तशीच गाडीत चढले. उस्तादानं विटा काढल्या. वन्सं निरोप द्यायला आल्या होत्या.

"पोचलात की फोन करा. नाही पोचलात तरी करा."

गाडी उतारावरून सुटली, चौकात आली, आणि कपाटाचं दार उघडून सगळ्या थाळ्या मागे पलंगावर गेल्या. हे म्हणाले, रस्त्याचा दणका. मग डब्यातली अंडी मागे गेली. हे म्हणाले, ब्रेक. मी म्हटलं, ब्रेक लावला तर वस्तू पुढे जातात. हे म्हणाले, तू झोपेत आहेस.

गावाबाहेर एक तळं आहे. काठाला मोकळं मैदान, तळहातासारखं सपाट. चिटपाखरू नाही. ठोकायला खिळा नाही आणि ठोकायला माणूस नाही. मला वाटलं, हेच ते. मी पलंगावर आडवी झाले आणि लगेच माझं डोकं खाली जायला लागलं. सगळं रक्त कपाळात. उशी घसरली, उशीमागून मी घसरले, आणि माझ्या डोक्याच्या धक्क्यानं तो शहाणा दरवाजा उघडला. मी गळ्यापर्यंत गाडीच्या बाहेर. वर निळं आभाळ आणि बाजूला एक म्हैस, माझ्याकडे बघत.

"अहो."

"आलो."

ह्यांनी मला पाय धरून ओढून आत घेतलं. मग पाणसळ काढली. पलंगावर ठेवली, बुडबुडा पार कोपऱ्यात. टेबलावर ठेवली, कोपऱ्यात. बेसिनमध्ये मघा तोंड धुतलेलं पाणी एका बाजूला साठून बसलं होतं, भोकाकडे जायचं नाव नाही. भिंतीवर ते अनोळखी जोडपं कपाटाला सोडून तिरकं लोंबत होतं.

हे खाली उतरले. गवतात गुडघे टेकून जमिनीवर पाणसळ ठेवली. गवताच्या झुबक्यांवर ती डुगडुगत होती, म्हणून जरा सरकून पुन्हा ठेवली. परत आले ते गंभीर होऊन.

"ही जमीन वाकडी आहे."

"आणि तळं?"

"तळ्याचं काय?"

"तेही वाकडं आहे का? सगळं पाणी एका काठाला गेलेलं दिसत नाही."

हे बराच वेळ तळ्याकडे बघत राहिले. मग फ्रेमकडे. खिळ्याला टांगलेली फ्रेम आपोआप सरळच लोंबते, हे ह्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. ती सरळ होती. वाकडं तिच्याभोवतीचं सगळं होतं, आणि ते ह्यांनी रात्रंदिवस खपून केलेलं होतं.

"आपली गल्ली," हे हळूच म्हणाले.

"हो."

"उताराची आहे."

"लहानपणापासून."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी झोपेत होते. तुम्ही जागे होतात, तुम्ही का नाही बोललात?"

ह्यांनी उस्तादाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ हसणं ऐकू आलं, बहुधा तेही गाडीखालून. मग तो म्हणाला, "साहेब, तुमच्या गल्लीसारखाच चढ शोधा आणि तोंड खाली करून लावा. सरळ होईल."

मग आम्ही चढ शोधत निघालो. एक सापडला तो दगडांच्या खाणीपाशी, तिथे सुरुंग. दुसरा शाळेच्या मागे. तिसऱ्या चढावर बुडबुडा जवळजवळ मधोमध आला, पण तिथे लग्नाचा हॉल होता आणि बँडवाले तालीम करत होते. एका पोलिसानं थांबवून विचारलं, "काय शोधताय?"

"उतार," हे म्हणाले.

त्यानं ह्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि जाऊ दिलं.

मी पुढच्या सीटवर बसले होते आणि माझं डोकं काचेवर आपटत होतं. मला राग आला नव्हता. रागालाही थोडी झोप लागते.

"मला त्या तळ्यापाशी सोडा," मी म्हटलं. "नाहीतर बसस्टँडवर. बहिणीची बस मिळेल."

ह्यांनी गाडी तळ्याकडे वळवली, पुन्हा त्याच जागी उभी केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

मी मागे गेले. पलंगाकडे पाहिलं आणि वॉर्डमधली खाट आठवली. धाप लागलेल्या पेशंटला आपण काय करतो? डोकं वर, पाय खाली. मी उशी उचलली आणि जिथे पाय ठेवायचे तिथे टाकली. आडवी झाले. डोकं वर, पाय खाली. आयुष्यात कुणी माझ्यासाठी खाट वर करायचा दांडा फिरवला नव्हता. आज फिरवला तोही चुकून.

पण मी हळूहळू खाली सरकत होते. तळवे मागच्या दरवाजाला टेकले आणि दरवाजा उघडला.

"अहो, कडी."

हे आले, दरवाजा पाहिला. हत्यारांची पेटी काढली. हातोडी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. आणि हातोडी परत ठेवली.

दरवाजा बाहेरून बंद झाला. माझ्या तळव्यांना आधार मिळाला. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. अंग इतकं जड आणि मऊ झालं होतं की ते माझंच आहे का, अशी शंका आली. बाहेर बोलण्याचा आवाज होता.

"जरा हळू बोला," हे कुजबुजत होते. "आत झोपल्यात."

"आजारी आहेत का?" म्हशीवाला असावा.

"नाही. नाइट ड्यूटी."

"मग तुम्ही असे दाराला पाठ लावून का बसलाय? मी म्हैस घेऊन गेलो तेव्हाही असेच होतात."

"कडी नाहीये."

"दोरी बांधायची की."

दोरी ह्यांना सुचली नव्हती. माझ्या सीटखाली दोरीचं अख्खं बंडल होतं.

मला हसू आलं आणि हसता हसता आळस आला. चांगला पायाच्या अंगठ्यापर्यंत. मी दोन्ही पाय ताणले आणि बाहेर धप्प आवाज झाला.

दरवाजा उघडा. खाली स्टूल आडवं, स्टुलाशेजारी हे गवतात उताणे. हात कालपासूनच्या डांबरानं काळे. धुतले असते तर हॉर्न वाजला असता.

"झाली झोप?" ह्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"झाली."

"अख्खी?"

"अख्खी."

"मग गाडी आपली," हे म्हणाले. "आता मी जरा पडतो." आणि कूससुद्धा न बदलता, ज्या जमिनीला वाकडी म्हणाले होते तिच्यावरच घोरायला लागले.

मी दोरीचं बंडल काढलं, दरवाजा बांधला, आणि उशी आणून ह्यांच्या डोक्याखाली घातली. डोकं वर, पाय खाली.