पाहुण्यांचा हळदी कोट

मी एक जुना कोट आहे मित्रांनो, पण जुना म्हणजे टाकाऊ नव्हे. रंग हळदी, बटणं लाकडी, टोपीला केसाळ झालर आणि आत डाळिंबी अस्तर. मुक्काम टोरांटो, व्हर्नाबाईंच्या दाराजवळचं कपाट. व्हर्नाबाई मूळच्या टोबॅगो बेटावरच्या. इथे आल्यावर पहिली आठ-दहा वर्षं त्यांनी मला रोज घातलं, मग स्वतःला करडा कोट घेतला आणि मला पाहुण्यांसाठी ठेवून दिलं.

उन्हाच्या देशातून आलेल्या प्रत्येक घरात इथे असा एक कोट असतो. पाहुणा सुती कपड्यांत विमानतळाबाहेर येतो आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्याला कोटात कोंबतात. तीस हिवाळे मी हेच केलं. चुलतभाऊ कथबर्टनं मला घालून इथल्या प्रसिद्ध उंच टॉवरपुढे छाती काढून फोटो काढला. मी बायकी कोट आहे हे त्याला परत जाईपर्यंत कोणी सांगितलं नाही. गावाकडची शेजारीण मार्व्हा माझ्या खिशात अर्धं खाल्लेलं मासळीचं भजं विसरून गेली. ते मे महिन्यात सापडलं. तोवर कपाटातली बाकीची मंडळी माझ्याशी बोलत नव्हती.

तरी मी कधी कुरकुर केली नाही. टोबॅगोतल्या गावात घरोघरी भिंतीवर माझा फोटो आहे, हे कळल्यावर तर मी चांगलाच शेफारलो. आणि तिथेच माशी शिंकली.

गेल्या फेब्रुवारीत व्हर्नाबाईंची धाकटी बहीण एर्मीन आली. वय चौसष्ट, बेट सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. व्हर्नाबाईंनी विमानतळावर मला उलगडून धरलं. एर्मीननं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा तर मार्व्हाच्या भिंतीवरचा," ती म्हणाली. "आणि कथबर्टच्या. आणि पोस्टमास्तरांच्या सुनेच्या. गावाला याचं बटण न् बटण पाठ आहे, ताई. मी नाही घालायची."

"बाहेर उणे बारा आहे."

"असू दे. शाळेचा झगा तुझा उतरलेला. चर्चचे बूट तुझे उतरलेले, तेही पुढे कापूस कोंबून. लग्नात डोक्यावरची जाळीसुद्धा तुझीच. जन्मात एकदा परदेश बघायला आले, तर इथेही तुझाच उतरलेला? मला टॉवरपुढे एक फोटो हवाय, आणि त्या फोटोत मी तुझ्या कपड्यात नकोय."

"बरं बाई, चल, नवा घेऊ."

"दहा दिवसांसाठी? आणि मग टोबॅगोत तो काय बकरीला घालू?"

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला कोणी नाही म्हटलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं.

मग दोन स्वेटर एकावर एक चढवून, वर शाल घेऊन एर्मीन शहर बघायला निघाली, आणि व्हर्नाबाईंच्या हातावर मी. या शहरात माणसं शंभर देशांची, पण बिनकोटाच्या बाईला रागवायची रीत सगळ्यांची एकच. ट्रामचा पंजाबी चालक म्हणाला, "मावशी, कोट हातावर वाळत घातलाय का?" चिनी बाजारातल्या फळवालीनं हातवारे करून बजावलं, आधी कोट, मग संत्री. पोर्तुगीज बेकरीतल्या म्हाताऱ्यानं तर व्हर्नाबाईंनाच झापलं. "बहीण ना तुमची? मग तिला गारठवून मारताय कशाला?" त्यांनी पाव घेतला आणि बाहेर आल्या. एर्मीन मात्र प्रत्येकाला सांगायची, मला थंडी वाजत नाही. ते सांगताना तिचे ओठ निळे पडलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दोघी तळ्याकाठी गेल्या. तिथून टॉवर पूर्ण दिसतो, आणि वारा असा येतो की माणसाची अक्कल ठिकाणावर यावी. बाकावर बसलेल्या एका सोमाली आजीबाईंना फोटो काढायची विनंती केली. एर्मीननं शाल काढली आणि हसून उभी राहिली. आजीबाईंनी तीनदा फोटो काढला. तिन्ही वेळा टॉवर स्थिर आणि एर्मीन हललेली.

"तो कोट हिला तरी घाला, नाहीतर मला तरी द्या," आजीबाई म्हणाल्या. "माझी बोटं गेली."

"घालते," एर्मीन दात आवळून म्हणाली, "पण उलटा. आतली डाळिंबी बाजू गावात कोणी पाहिलेली नाही."

तिनं माझ्या बाह्या ओढून आतलं बाहेर केलं. मित्रांनो, चारचौघांत असं उलटं होणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. आणि मग तिची नजर माझ्या कॉलरच्या आत गेली.

"ताई, ही हालिना कोण?"

व्हर्नाबाई तळ्याकडे बघू लागल्या.

"इथे लाल दोऱ्यानं शिवलंय. हालिना."

हालिना युक्रेनची, धुलाईघरात कामाला होती. तिथे कोट अदलाबदल होत, म्हणून तिनं नाव शिवून ठेवलं होतं. मी पहिल्यांदा तिचा. हे मला माहीत होतं आणि व्हर्नाबाईंना.

"चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचलला," व्हर्नाबाई अखेर म्हणाल्या. "पहिल्या हिवाळ्यात. त्याआधी दोन आठवडे मी पलंगावरची चादर पांघरून कामाला जात होते."

"तू तर पत्रात लिहिलं होतंस, मोठ्या दुकानातून नवा घेतला. आईनं ते पत्र अख्ख्या आळीला वाचून दाखवलं."

"मग आईला काय लिहायचं होतं? चादर?"

एर्मीन इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठलं. हसता हसता तिनं ताईचा हात घट्ट धरला. "निदान मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मी तुझ्या नशिबावर चाळीस वर्षं जळले."

फोटो छान आला. माझे खिसे बाहेर आले होते, बकरीच्या कानांसारखे लोंबत होते, पण एर्मीन जराही हललेली नाही.

उरलेले दिवस तिनं मला अंगावेगळं केलं नाही. शेवटच्या दिवशी सुई-दोरा मागून घेतला. व्हर्नाबाईंना वाटलं, उसवलेलं अस्तर शिवतेय. विमानतळावरून परत आल्यावर त्या मला कपाटात टांगायला गेल्या आणि थबकल्या. हालिनाच्या नावाखाली निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं, एर्मीन. आणि तिच्या खाली, तिसऱ्या नंबरावर, व्हर्ना.

त्या रविवारी त्यांनी करडा कोट घातला नाही. तीस वर्षांनी मला घालून चर्चला गेल्या. दारात कोणीतरी विचारलं, हा जुना कोट कुठून काढलात?

"माझ्या धाकट्या बहिणीचा उतरलेला आहे," त्या म्हणाल्या, आणि मान ताठ करून आत गेल्या.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या कपड्यांना झटका, उन्हात घाला, बटण तुटलं तर लावा. दुसऱ्याचं म्हणून नाक मुरडायच्या आधी एकदा कॉलर उलटून बघा, आणि तिथले टाके कधी उसवू नका. आणि हो, भजं खायचंच असेल, तर संपवून मगच खिशात हात घाला.