गुरुवार, दहा ते अकरा

आमच्या संस्थेत एक नियम होता आणि तो मीच घालून दिला होता, याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा. वेल्ह्याकडून भोरच्या कचेरीत कुणाला भेटायला यायचं, तर आधी तिथल्या केंद्रावर कॅलेंडर उघडून त्या माणसाची वेळ बघायची. ‘मोकळा’ दिसला तरच एसटी धरायची. मार्गासनीहून निघालेल्या माणसाची नसरापूरला गाडी बदलण्यात अर्धी सकाळ जाते, आणि इथे आल्यावर साहेब जागेवर नाहीत म्हटलं की अख्ख्या दिवसाचा विचका होतो. कॉम्प्युटर, मेल आणि सर्व्हर सांभाळणारा मी, दीनानाथ. या नियमाबद्दल बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

गावाकडच्या माणसांना भेटायची माझी वेळ गुरुवारी दहा ते अकरा. गेले दोन महिने त्या तासात मी कॅलेंडरवर ‘व्यस्त’ होतो, पुढे ‘सर्व्हरचे काम’ अशी नोंद होती. काम काहीच नसे. दार लोटून, खुर्ची खिडकीकडे फिरवून मी नीरेच्या पात्राकडे बघत बसायचो. साळूबाईंनी येऊ नये, एवढ्यासाठीच तो तास अडवलेला होता.

साळूबाई मार्गासनीच्या. केंद्रात चौदा वर्षं आरोग्यसेविका होत्या. श्रावणात गावच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर ठरलं, सकाळी दहाला. बाईंनी वाड्यावस्त्या पालथ्या घालून बेचाळीस म्हातारीकोतारी माणसं गोळा केली आणि डॉक्टर उगवले साडेतीनला. तोवर ताटकळून सगळी आपापल्या घरी निघून गेली होती. त्यांत बाईंचे दीर आनंदरावही होते. त्यांचा काचबिंदू पुढे कळला तेव्हा एक डोळा गेलेला होता.

घोटाळा माझा होता. त्याच आठवड्यात मी नवा सर्व्हर बसवला, त्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं, आणि शिबिराची वेळ डॉक्टरांच्या कॅलेंडरवर पोचेपर्यंत दहाचे साडेतीन झाले. हे मला त्याच संध्याकाळी सापडलं आणि दोन मिनिटांत मी ते दुरुस्तही केलं. दुसऱ्या दिवशी संचालक सरोजताईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “सर्व्हर व्यवस्थित आहे, ताई. वेळ साडेतीनचीच होती. बाईंनी गावात दहा सांगितलं असेल.” हे म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. बाईंचं काम गेलं. दिराने बोलणं टाकलं. त्या मात्र मला फोनवर शांतपणे एवढंच म्हणाल्या होत्या, “सर, येळ धाचीच व्हती न्हवं? समोर बसून येकदा सांगा. म्या येते गुरुवारी.”

परवा, मंगळवारी, शेजारच्या खोलीतली शेफाली तक्रार घेऊन आली. आमच्याकडे जुने कॉम्प्युटर एका जातीचे आणि देणगीत आलेले नवे लॅपटॉप दुसऱ्या जातीचे, त्यामुळे कुणाचं कॅलेंडर कुणाला कसं दिसेल याचा भरवसा नसतो.

“सर, गुरुवारी दहाला तुम्ही सरोजताईंच्या कॉम्प्युटरवर व्यस्त दिसता,” ती म्हणाली, “आणि माझ्या लॅपटॉपवर मोकळे.”

मी तिचा लॅपटॉप उघडून पाहिला. माझा अडवलेला तास तिथे साडेतीन ते साडेचारला जाऊन बसला होता. तोच साडेपाच तासांचा फरक. पोरीला काही कळणार नव्हतं, तरी मी पडदा पटकन मिटला.

वेल्ह्याच्या केंद्रात याच जातीचा लॅपटॉप होता. मी ते केंद्र सांभाळणाऱ्या वैष्णवीला फोन लावला.

“व्हय सर, दर गुरुवारी दहाला मोकळंच दिसता की,” ती म्हणाली. “म्हणून तर साळूबाईंना पाठवते. पहिल्या गाडीनं येतात तुमच्याकडं.”

“माझ्याकडे? एकदाही आल्या नाहीत.”

“असं कसं सर? आठ वेळा आल्यात. माघारी आल्या की सांगतात, सरांनी बसवून घेतलं, चहा पाजला. बोलले मात्र न्हाईत. पाठ करून बसले होते म्हणतात.”

खिडकीकडे तोंड करून बसतो हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि चहा देणाऱ्या चिमाजींना बोलावलं. गुरुवारी दहाला कुणी माझ्या खोलीत येतं का, असं सरळ विचारायचा धीर झाला नाही. गुरुवारी चहा किती देता, असं विचारलं.

“दोन कप,” चिमाजी म्हणाले. “पयल्या गुरवारी तुमीच न्हाई का दोन बोटं दावली? दार लोटलेलं असतंय, म्या टेबलावर ठिवून जातो.”

“आणि दुसरा कप?”

“रिकामाच येतो की, सर.” माझ्याकडे बघून त्यांनी नजर खाली घातली. “त्या बाईला काय ते सांगून टाका येकदाचं. आमी कोन बोलनार, पर बरं दिसत न्हाई.”

माणसाला शहाणं व्हायला एवढं पुरे होतं. मी काय केलं? मी कॅलेंडर दुरुस्त केलं. बुधवारची दुपार त्यातच घालवली. दोन्ही जातींच्या यंत्रांवर माझी नोंद तपासली, वैष्णवीला तिच्या पडद्याचा फोटो पाठवायला सांगितला. त्यातही आता गुरुवारी दहा ते अकरा मी ठसठशीत ‘व्यस्त’ होतो. नियमाप्रमाणे बाई निघणार नाहीत, हे पाहून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं लक्षात आल्यावर स्वतःची किळस आली. म्हणून संध्याकाळी सरोजताईंना मेल लिहिली, घड्याळ, सर्व्हर, साडेपाच तास, सगळं खरं खरं. पाठवली नाही. उद्या दहानंतर पाठवू म्हटलं.

आज दहाला मी खुर्ची फिरवायची नाही असं ठरवून बसलो होतो, तरी ती फिरलीच. पात्रात दोघीजणी धुणं धूत होत्या. पाठीमागे दार वाजलं, चिमाजींच्या चपला आल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने मी काचेत पाहिलं. काचेत टेबल दिसत होतं, टेबलावर दोन कप दिसत होते, आणि पलीकडच्या खुर्चीवर खिडकीतलं ऊन पडल्यामुळे तिथे नुसता उजेड होता. दोन्ही कपांतून वाफ येत होती.

वैष्णवीला फोन केला. तुम्ही व्यस्त दिसलात म्हणून आज बाईंना निरोपच दिला नाही, असं ती म्हणाली. म्हणजे बाई घरी होत्या. म्हणजे हे फोनवर सांगता येणार होतं, तोंड न दाखवता, एका वाक्यात: बाई, तुमची वेळ बरोबर होती, खोटं मी बोललो. मी ते वाक्य दोनदा मनात म्हणून घेतलं आणि त्यांचा नंबर लावला. एका घंटीतच त्यांनी उचलला.

“बाई, मी दीनानाथ.”

“व्हय सर,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, कचेरीत बोलतात तशा. “समोरच बसलीया की म्या. फोन कशापायी?”

धुणं धुणाऱ्यांपैकी एकजण उठून पदराने तोंड पुसत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. ते एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि ऐकणारं माणूस, दोन महिने थांबलेलं, आजही थांबलं होतं.

“बाई,” मी म्हणालो, “आज जरा कामात आहे.”

थोड्या वेळाने फोनमध्ये आणि माझ्या पाठीमागे, दोन्हीकडे एकाच वेळी, बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला.