गालातली सातवी सोंगटी

मित्रांनो, माझ्या पाठीवर आजवर जितक्या थपडा बसल्या, तितक्या तुमच्या वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलालाही बसल्या नसतील. आणि खरे सांगू? मला त्या आवडतात. मी डोमिनो खेळण्याचे एक जुने टेबल आहे. डोमिनिकन देशातल्या एका समुद्रकाठच्या गावात बेसबॉलचे मैदान आहे, आणि मैदानामागच्या खेळाडूंच्या खोलीत माझा मुक्काम. आमच्याकडे डोमिनोची सोंगटी ठेवायची नसते, आपटायची असते. हळूच ठेवणाऱ्याला तब्येत बरी आहे ना, असे विचारतात.

गावातला साखर कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या वजनकाट्याच्या खोलीचे महोगनीचे दार उबाल्दो सुताराने घरी आणले. त्या दाराचा मी झालो. उबाल्दोने माझ्या चारही कडांना बारीक पट्ट्या ठोकल्या आणि चार कोपऱ्यांत पेले बसतील अशा चार खोबणी कोरल्या. त्यातली एक जरा तिरकी झाली. त्या कोपऱ्यात बसणाऱ्याची कॉफी आजही सांडते आणि तो आजही शेजाऱ्यावर डाफरतो. मला हातगाडीवर घालून उबाल्दोने आमच्या पेलिकन संघाला भेट दिले. हल्ली सगळीकडे प्लास्टिकची टेबले दिसतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. थप्पड खाल्ली की बिचारी उडतात, एवढेच.

आमचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. उरलेले महिने मी चादरीखाली झोपून काढतो. पण हंगाम सुरू झाला की सामन्याआधी दोन तास माझ्याभोवती चौघे बसतात, आठजण उभे राहतात आणि बाराही जण एकदम बोलतात. सोंगटीच्या दोन्ही टोकांना ठिपके असतात, टेबलावरच्या टोकाशी जुळेल तीच टाकायची, आणि दोन्ही टोकांना सारखे ठिपके असलेली 'जोडी' हातात सहज अडकून बसते. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे जोडीदार. जोडीदाराने जोडीदाराला काही सांगायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, फक्त त्याच्या सोंगट्या पाहून त्याचे मन ओळखायचे. हरेल ती जोडी उठेल. मग तो परदेशात नाव काढून आलेला असो की काल पहिल्यांदा संघाची टोपी घातलेला असो.

हे नियम कायोने लावले होते. त्याचे पूर्ण नाव लेओकादिओ पेगेरो, पण त्या नावाने त्याला फक्त त्याची आई हाक मारायची. कायो कॅचर होता. कॅचर म्हणजे फलंदाजामागे उकिडवा बसून पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा गडी. एकोणीस हंगाम उकिडवे बसून त्याच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. तो माझ्याजवळ बसायला लागला की दोन्ही गुडघे कडाकडा वाजत आणि सगळी खोली एका सुरात म्हणे, "या, वस्ताद, बसा." कायोची खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून असे. कोण कसले तोंड घेऊन आत येतो आहे, हे त्याला पाहायचे असे. ज्याचा आदला सामना वाईट गेला असेल त्याला तो आपला जोडीदार करून घेई, आणि सामन्याबद्दल अवाक्षरही काढत नसे.

मग एका हंगामात रोसेंदोसाहेब संघाचे व्यवस्थापक म्हणून आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या बगलेत पाटीएवढा एक संगणकाचा पडदा असे आणि त्यावर प्रत्येक खेळाडूचे रकाने. त्या रकान्यांत मी कुठेच नव्हतो, म्हणून माझ्या जागी मालिशचे यंत्र आले आणि मी कपडे धुण्याच्या खोलीबाहेरच्या बोळात गेलो. माझ्यावर ओल्या टॉवेलांचा ढीग पडू लागला. महोगनीला ओल सोसत नाही हो! पण सांगणार कुणाला?

कायो रकान्यांत होता, पण अगदी तळाला. महिनाभर साहेबांनी त्याला मैदानावर उतरवलेच नाही. एक तरुण, दणकट फलंदाज आणायचा होता, त्यासाठी एक जागा रिकामी हवी होती. सोमवारी सकाळी नवी यादी लागणार आणि तीत कायोचे नाव नसणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. कायोलाही होतेच. तो गेला असता तर मीही त्या बोळातून थेट चुलीत गेलो असतो, ही माझी खात्री होती.

त्याच दिवसांत योर्विसचे ग्रह फिरले होते. योर्विस हा आमचा एकवीस वर्षांचा पिचर. त्याच्याकडे दोन हत्यारे होती. एक सुसाट सरळ चेंडू आणि दुसरा ऐन वेळी खाली बसणारा पडता चेंडू. दोन्ही उत्तम, तरी फलंदाज त्याला महिनाभर धुऊन काढत होते. पुढचा चेंडू कोणता येणार हे त्यांना जणू कुणी कानात सांगत होते. साहेबांनी पडद्यावर वेग तपासला, वळण तपासले, सगळे जागच्या जागी. मग पोरगा घाबरट आहे, असे ठरले. रविवारचा सामना हरला की तोही घरी जाणार होता.

शुक्रवारी दुपारी खेळाडूंच्या खोलीतली स्वयंपाकीण मिरेयामावशी बोळात आली. कायो तिथे टॉवेल घ्यायला आला होता.

"तुमच्या त्या योर्विसचं ताट तीन दिवस तसंच परत येतंय," ती म्हणाली. "तुरीच्या दाण्यांचा भात केलाय, नारळाच्या दुधातला. त्याला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर प्रेमात."

"प्रेमात असता तर मला कळलं असतं," कायो म्हणाला. "इथंच पाठव त्याला."

मित्रांनो, त्याने माझ्यावरचे टॉवेल दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर टाकले आणि बाहीने माझी पाठ पुसली. मला काय वाटले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. दोन जुने गडी खुर्च्या घेऊन आले. योर्विस आला तो कानात गाणी घालून. कायोने त्याला समोर, आपला जोडीदार म्हणून बसवले. तिसऱ्या डावाच्या मध्यावर कायोने हातातली सोंगटी खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली. सगळे चपापले.

"जोडीदाराला काही सांगायचं नाही हा नियम माझाच," तो म्हणाला. "आज मीच मोडतो. पोरा, सहाची जोडी तुझ्याकडे अडकलीय."

"माझ्या सोंगट्यांत डोकावता काय, वस्ताद?"

"माझ्या गुडघ्यांनी उठून डोकावायचं म्हटलं तर गावाला ऐकू जाईल. हिशेब कर. सहाच्या सोंगट्या सात. पाच टेबलावर पडल्या. सहावी माझ्या हातात. सातवी तुझ्या गालात आहे."

"गालात?"

"डाव्या. लपवायचं काही असलं की तू आतून जीभ खुपसून गाल फुगवतोस. तीन डाव बघतोय."

हे मीही पाहिले होते, पण मला काय ठाऊक त्याचा अर्थ! योर्विसचा हात नकळत गालावर गेला.

"म्हणजे मैदानावर..." तो म्हणाला.

"पडता चेंडू टाकण्याआधी असणार. बाकावरून मला तुझा उजवाच गाल दिसतो. समोर बसलो असतो तर पहिल्याच दिवशी धरला असता. तुझा नवा कॅचर गुणी आहे, पण तो तुझा हातमोजा बघतो, थोबाड नाही. आणि तुझ्या थोबाडात बघण्यासारखं काही आहे, असंही नाही."

महिनाभरात योर्विस पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "आता तोंड बंद ठेवायला शिकतो."

"मुळीच नाही. गाल फुगव. मस्त फुगव. फक्त सरळ चेंडूच्या वेळी."

ते दोन गडी इतके हसले की तिरक्या खोबणीतली कॉफी पुन्हा सांडली. मग शुक्रवार, शनिवार माझ्यावर शाळाच भरली. सहज टाकता येणारी हलकी सोंगटी हाती आली की गाल फुगवायचा, अडकलेली असली की चेहरा कोरा. चुकला की कायो टेबलावर टिचकी मारायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत टिचक्या थांबल्या.

मिरेयामावशीने सारे ऐकले होते. ती कायोला म्हणाली, "अरे, साहेबांना जाऊन सांग की. तुझी जागा वाचेल."

"सांगितलं की ते पडद्यावर लावणार. पडद्यावर लागलं की बैठक होणार. बैठक झाली की रविवारी चारपर्यंत समोरच्या संघालाही कळणार. मग पोराचं काय राहिलं?"

"आणि तुझं रे?"

"भात उरलाय का?" कायोने विचारले.

रविवारी चार वाजता सामना सुरू झाला. मी बोळात होतो, मला दिसणार काय? पण मावशीने रेडिओ माझ्यावर ठेवला आणि आवाज पुरा वाढवला. समालोचक पहिल्याच इनिंगला गोंधळला. "फलंदाजाने पडता चेंडू समजून बॅट उशिरा फिरवली, हे काय चाललंय आज?" दुसऱ्या इनिंगला तेच. पाचव्या इनिंगपर्यंत समोरचे नऊच्या नऊ फलंदाज एकमेकांवर चिडले होते, कारण प्रत्येकाला वाटत होते की खूण दुसऱ्यानेच चुकीची सांगितली. शेवटी शिट्ट्या, ढोल आणि मावशीची किंकाळी एकदम कानी आली. आम्ही जिंकलो होतो. रेडिओ माझ्या पाठीवर चांगला फूटभर नाचला.

ढोल थांबायच्या आत कायो आणि एक जुना गडी माझ्याभोवती येऊन बसले. मागोमाग योर्विस आला, आणि त्याने साहेबांना दंडाला धरून आणले होते. सगळी हकीकत त्याने त्यांना सांगून टाकली होती, उद्याच्या यादीत आपले नाव नसणार हे ठाऊक असूनही कायोने हे केले, यासकट. साहेब माझ्यासमोर उभे राहिले. पडदा बगलेतून काढला, चालू केला, पुन्हा बंद केला.

"पेगेरो," ते म्हणाले, "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"लिहू नका, साहेब," कायो म्हणाला. "बसा. एक जागा रिकामी आहे."

साहेब बसले. चौथ्याच सोंगटीला कायो म्हणाला, "पाचची जोडी आहे ना तुमच्याकडे? चष्मा वर सरकवलात." आणि पहिल्यांदा मी रोसेंदोसाहेबांना पोट धरून हसताना पाहिले. त्या हसण्यातच त्यांनी सोंगटी आपटली. तीही जोरात. सवय नसलेल्या माणसाच्या मानाने फारच जोरात.

सोमवारी यादी लागली तेव्हा कायोचे नाव तीत होते. तो दणकट फलंदाजही आला. साहेबांनी जागा कुठून काढली हे मी विचारले नाही. मालिशचे यंत्र एका कोपऱ्यात सरकले आणि मी पुन्हा मधोमध आलो. आम्ही चौथ्या क्रमांकाने पुढच्या फेरीत गेलो आणि तिथे सपाटून मार खाल्ला. कायो त्यानंतर दोन हंगाम राहिला आणि त्या दोन हंगामांत मैदानावर मोजून अकरा वेळा उतरला.

मित्रांनो, माझ्या लाकडाला तेल लावा, ओल लागू देऊ नका, एवढे मी हक्काने मागतोच. पण खरे मागणे वेगळे आहे. तुमच्याही संघात, शाळेत, घरात एखादा माणूस असेल ज्याच्या नावासमोर आता फारसे काही लिहिण्यासारखे उरलेले नाही. त्याचे नाव खोडण्याआधी एकदा त्याच्या समोर बसा. तुमची चूक साऱ्या गावाला सांगणारे पुष्कळ भेटतील. ती चौघांतच ठेवून, हसत हसत तुमच्या हातातले हत्यार करून देणारा फार क्वचित भेटतो, आणि तो बहुधा तुमच्यासाठी स्वतःची जागा पणाला लावून बसलेला असतो.