शुक्रवारी सुट्टी घेणारा आत्मा

कॅम्प दोनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर त्या दिवसांत चपलांमुळे पाय ठेवायला जागा नसायची. पहिल्या मजल्यावर नूतनच्या दारापुढे रांग, रांगेतल्या हातांत नारळ, आणि आत हॉलमध्ये सगळी माणसं श्वास रोखून कॉम्प्युटरच्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसलेली. कुणी शिंकलं तरी बाकीचे त्याला डोळ्यांनी दटावायचे. आणि मग खरोखर स्क्रीन उजळायची. कुणी हात लावलेला नसायचा, कुणी जवळही नसायचं. समोर दिसायचा कमळाकर, नूतनचा नवरा, दोन वर्षांपूर्वी वारलेला. मित्राच्या हळदीतला फोटो होता तो, फुलाफुलांचा शर्ट आणि डोळ्यांवर गॉगल. लोक त्या गॉगलला हात जोडायचे.

"आला रे आला," मागून कुणीतरी पुटपुटायचं, की नारळांची लाट पुढे सरकायची.

मी यशोधरा, समोरच्याच खोलीत राहते आणि शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या घरात बाबा म्हटलं की भिंतीवरच्या फोटोतले, निळ्या कोटातले, एकच. त्यामुळे हा चमत्कार चालवणारे जे सिग्नलबाबा होते, त्यांना बघितल्यापासून माझं डोकं तापलेलं होतं. कफनी भगवी, मनगटात स्मार्टवॉच, हातात पितळी मुठीचा सोटा. आधी अंबरनाथला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचे म्हणे. बॅटरीपेक्षा आत्मा परवडला असणार, त्यात पाणी घालावं लागत नाही.

"देखो माताजी," बाबा समजावायचे, "बॉडी म्हणजे हार्डवेअर. आत्मा म्हणजे डेटा. हार्डवेअर जळलं स्मशानात. डेटा किधर गया? क्लाऊडवर." असं म्हणून ते वर बोट दाखवायचे आणि सगळा हॉल भक्तिभावाने पंख्याकडे बघायचा. मग सोटा जमिनीवर आपटून गर्जायचे, "कमळाकर, कनेक्ट हो जा." आणि स्क्रीन उजळायची.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, नव्याचे नऊ दिवस. पण यात नूतनचा संसार अडकला होता.

अंबरनाथला कंपनीत काम करणाऱ्या राजेंद्रशी तिचं लग्न ठरलं होतं. सोमवारी रजिस्टर होणार होतं. ठरवलं कुणी? तिच्या सासूने, सखूमावशीने. "पोर किती दीस येकटी राहील," असं म्हणून म्हातारीने स्वतः राजेंद्रला घरी बोलावलं, सुकटीचं कालवण खाऊ घातलं आणि होकार दिला. तिच्या भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली, तिने ढुंकून पाहिलं नाही. आणि नेमका त्याच सुमाराला, दिवाळीनंतर, कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायला लागला. राजेंद्र समोर चहा पीत बसलेला असताना एकदा कमळाकर गॉगल लावून हजर झाला. राजेंद्रच्या हातातली बशी खाली पडली. भाऊबंदांनी दुसऱ्याच दिवशी सिग्नलबाबांना आणून बसवलं.

"वो नाराज है," बाबांनी निदान केलं. "म्हणतो, माझी बायको दुसऱ्याच्या घरी नाय जाणार. हे लग्न झालं तर घराचा सर्व्हर डाऊन."

सखूमावशीने होकार मागे घेतला. नूतनने राजेंद्रला फोन करून सांगितलं की आईंचा शब्द नसेल तर मी सही करणार नाही. त्यानंतर ती दिवसभर स्वयंपाकघरात आल्यागेल्यांचा चहा करत राहिली, आणि मावशी स्क्रीनसमोर बसून मुलाशी बोलत राहिली. मला दोघींचं बघवत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी मावशीपाशी जाऊन बसले. बाबा त्या दिवशी येत नसत. कॉम्प्युटर झोपलेला, स्क्रीन काळी, आणि मावशीचे डोळे भरलेले.

"सुक्करवारी येतच नाय माजा बाला," ती म्हणाली. "बाबा सांगतान, सुक्करवारी आत्म्यांचा उपास असतो."

आता मला सांगा, कमळाकर जिवंतपणी शुक्रवारी दोन वाट्या सुकट खायचा आणि तिसरी मागायचा. मेल्यावर त्याला उपास कुठून आठवला? मी विचार करत जिना उतरले. खाली महेंद्रचा जीन्सचा कारखाना, आज शटर बंद. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी शुक्रवारीच. एरवी दिवसभर त्याची बटणं ठोकायची प्रेस थांबून थांबून धाडधाड चालते, माझ्या फळीवरचे डबेसुद्धा थरथरतात. मी तिथेच थांबले. मग परत वर गेले आणि नूतनच्या कॉम्प्युटरचं टेबल नीट बघितलं. काचेचं टेबल, एक पाय आखूड, आणि त्यावर माऊस.

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी आले तेव्हा हॉल भरलेला होता आणि बाबांचा सोटा तयार होता.

"बाबा, एक शंका," मी म्हटलं. "आत्मा कॉम्प्युटरमध्ये येतो की माऊसमध्ये?"

"कॉम्प्युटरमध्ये, टीचर. माऊस तो बस चूहा है." लोक हसले.

"मग हा चूहा मी बाजूला ठेवला तर आत्म्याची हरकत नाही ना?"

बाबांनी एकदा माऊसकडे, एकदा सोट्याकडे बघितलं. पण एवढ्या लोकांसमोर चुह्याला काय घाबरणार? म्हणाले, "खुशाल."

मी माऊस उचलला. उचलताच स्क्रीन उजळली, लोकांनी हात जोडले. मी वायरसकट तो खुर्चीवरच्या गोधडीवर उताणा ठेवला, आणि नूतनने कीबोर्डवरून कॉम्प्युटर परत झोपवला. खाली प्रेस धाडधाड चालूच होती. स्क्रीन काळी ती काळीच. बाबांनी सोटा आपटला. काही नाही. पुन्हा आपटला. "यहाँ कोई नास्तिक है," म्हणाले, "सिग्नल कट होतोय." मग त्यांनी दोन्ही हातांनी मिरची कांडावी तसा सोटा कांडायला सुरुवात केली. घामाने कफनी भिजली, पण कमळाकर काही येईना.

आला तो महेंद्र, खालून, केसांवर चुना घेऊन.

"ओ टीचर, वर काय कुटताय तुम्ही लोक? छताचा चुना पडतोय माझ्या मालावर. काळी जीन्स आहे, पार्टी परत करेल ना."

"बरं झालं आलास. ही तुझी प्रेस कधी आणलीस?"

"दिवाळीनंतर. का, आवाज होतो?"

"शुक्रवारी चालवतोस?"

"शुक्रवारी सुट्टी असते टीचर, एवढं पण माहीत नाय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी माऊस काचेवर होता तसा ठेवला आणि महेंद्रला सांगितलं, प्रेस बंद कर, मी सांगेन तेव्हा चालव. तो खाली गेला. प्रेस थांबली तसा मी कॉम्प्युटर झोपवला. सगळं शांत, स्क्रीन काळी. मग गॅलरीतून एकाने ओरडून सांगितलं, "चालव." धाड, आणि कमळाकर गॉगल लावून हजर. "बंद." पुन्हा झोपवला. "चालव." पुन्हा हजर. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मग लोकांनाच चेव आला. नारळ खाली ठेवून जो तो पाय आपटून बघायला लागला, आणि बिचारा कमळाकर सगळ्यांच्या हाकेला धावून यायला लागला. त्या गोंधळात सिग्नलबाबा जिन्यावरच्या ढिगात चपला शोधताना दिसले. सापडल्या नसाव्यात, कारण रिक्षात ते अनवाणीच बसले.

मी लोकांना खाली बसवलं आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. थोडा वेळ हात लागला नाही की कॉम्प्युटर झोपतो. माऊस हलला की त्याला वाटतं, मालक आले, आणि तो जागा होतो. जागा झाला की स्क्रीनवर कायमचा लावलेला कमळाकरचा फोटो दिसतो. प्रेसने जमीन हादरते, जमिनीने टेबल, टेबलाने माऊस. सोट्यानेही तेच होतं, आणि बाबांना ते पक्कं ठाऊक होतं. मग मी सेटिंगमध्ये गेले. माऊसच्या नावापुढे, त्याने कॉम्प्युटरला जागं करावं अशी परवानगीची खूण होती. ती काढली. आता कीबोर्डचं बटण दाबल्याशिवाय तो उठणार नव्हता. महेंद्रने प्रेस चालवली, लोकांनी पाय आपटले, स्क्रीन काळीच राहिली. हळूहळू सगळे आपापले नारळ उचलून घरी गेले.

उरलो आम्ही तिघी. सखूमावशी स्क्रीनकडेच बघत होती.

"मंजे तो आलाच नवता," ती म्हणाली.

बाबाला उघडं पाडताना मजा आली होती, हे सांगताना अजिबात येत नव्हती. पण खोटं कसं बोलू?

"नाही मावशी. नव्हता आला."

मग तिने पदराने डोळे पुसले.

"मंग लगीन नको, आसा कोन म्हनला?"

"कोणीच नाही. गेलेला माणूस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्याच्या नावाने दुसरेच बोलतात. जे विचारायचं ते जिवंत माणसाला विचारावं."

मावशीने मान वळवली. दारात नूतन रिकामे कप घेऊन उभी होती. एवढ्या दिवसांत आत्म्याला शंभर प्रश्न विचारले गेले होते, तिला एकही नाही.

"पोरी, तुला कराचंय लगीन?"

"हो आई," नूतन म्हणाली, आणि कप खाली ठेवून रडायला लागली.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादी वस्तू आपोआप चालू होईल, आपोआप हलेल. घाबरा हवं तर, घाबरण्यात काही पाप नाही. पण नारळ आणण्याआधी एवढं विचारा: कधी होतं, कधी होत नाही, आणि मध्ये काय बदलतं? बाबाला सगळं चालतं, हे तीन प्रश्न चालत नाहीत.

सोमवारी रजिस्टर ऑफिसात मी साक्षीदार होते. राजेंद्रकडची माणसं एका बाजूला बसली होती. सखूमावशी नवं लुगडं नेसून दुसऱ्या बाजूला, नूतनच्या शेजारी. क्लार्कने कागदावरून मान वर करून विचारलं, "आजी, तुम्ही नवऱ्यामुलाच्या आई का?"

"नाय," मावशी म्हणाली. "मी नवरीची आय."