अंजनाबाईंची परवानगी

"फिटच आहे ओ मॅडम, दुसरं काय नाय," असं म्हणत अंजनाबाई मुलाच्या नाकाशी चप्पल धरून बसल्या होत्या. भर दुपारी मोरिवलीतल्या त्या खोलीच्या दाराशी अर्धी आळी जमली होती आणि सगळ्यांचं निदान एकच होतं.

अँब्युलन्सवरच्या डॉक्टर ऋताने त्या मुलाची, महेंद्रची, पापणी उघडली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळे, श्वास मनात येईल तेव्हा. ही फिट नव्हती, नशा होती. ड्रायव्हर कैलासने न सांगताच त्याच्या तोंडावर मास्क धरून श्वास देणारा फुगा दाबायला सुरुवात केली.

काय घेतलंय, गोळ्या की पावडर, असं ऋता विचारत राहिली आणि अंजनाबाई मान हलवत राहिल्या. पोलिसांच्या धाकाने ही बाई पोटचा पोरगा घालवायला निघाली होती. ऋताला तिचा धड रागही येईना, कारण आपण स्वतःच घाबरलोय हे तिला कळत होतं. गेल्या वर्षी बदलापूर गावात अशाच एकाला तिने नशेवरच्या उताऱ्याची सुई दिली होती. तो वाचला नाही आणि घरच्यांना न विचारता सुई टोचली म्हणून भावाने तक्रार केली. चौकशीत ती सुटली. जीव जात असताना चांगल्या हेतूने केलेला उपचार परवानगीसाठी थांबत नाही, कायदा तुमच्या बाजूने आहे, असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी समजावलंही होतं. तरी ती तक्रार तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

तिने सुई भरली.

"मावशी, काही सांगू नका. मी देतेय, जबाबदारी माझी."

कैलास फुगा दाबत राहिला. बऱ्याच वेळाने महेंद्रने खोल श्वास ओढला, खोकला, डोळे उघडले आणि नशा उतरवली म्हणून ऋतालाच शिवी हासडली. इतकी गोड शिवी तिने आजवर ऐकली नव्हती. अंजनाबाईंनी तीच चप्पल त्याच्या दंडावर हाणली आणि मग त्याला कवटाळून त्या ढसाढसा रडल्या.

उताऱ्याचा असर लवकर ओसरतो आणि श्वास पुन्हा थांबू शकतो, म्हणून त्याला दवाखान्यात न्यावंच लागणार होतं. तिथे हवालदार येईल, पण स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कायदा खटल्यातून सुटायची संधी देतो, असं ऋताने वाटेत सांगितलं. अंजनाबाई ती चप्पल अजून हातातच धरून, एका अनवाणी पायाने बसून ऐकत होत्या.

दवाखान्यात हवालदार आला. फिट आली होती का, असं त्याने विचारलं.

"फिट नव्हती साहेब. पावडर घेतो तो," अंजनाबाई म्हणाल्या. "त्याला सोडवायचंय त्यातनं."

मग हवालदार ऋताकडे वळला. सुई घरच्यांना विचारून दिली का?

"नाही," ऋता म्हणाली. "विचारत बसले असते तर हा गेला असता."

"मग आता लिवा," अंजनाबाई म्हणाल्या. "आईची परवानगी हाय."

कायद्याला त्या परवानगीची गरज नव्हती. ऋताला मात्र अशी परवानगी वर्षभर हवी होती.

अंजनाबाईंनी हातातली चप्पल जमिनीवर ठेवली आणि पायात सरकवली.